घरातले चार संगणक आणि एक सर्व्हर: राउटर घ्यायचा की स्विच?

घरात तीन-चार संगणक झाले, त्यात सगळ्यांच्या फायली ठेवायला एक छोटा सर्व्हर आला, की राउटरच्या मागचे पोर्ट, म्हणजे वायर घालायच्या जागा, कमी पडतात. मग नेटवर्कचं सामान विकणाऱ्या आम्हाला फोन येतो, "एक चांगलासा राउटर द्या." आम्ही लगेच राउटर काढून देत नाही, आधी चार प्रश्न विचारतो. काहींना त्याचा कंटाळा येतो, ते आम्हाला कळतं. राउटर विकण्यात आमचं नुकसान काहीच नाही, उलट फायदा थोडा जास्तच. पण अशा घराला बहुतेक वेळा हवा असतो तो स्विच, आणि चुकून आणलेला दुसरा राउटर पुढे त्यांचाही वेळ खातो आणि आमचाही.

घरातल्या यंत्रांना आयपी पत्ते, म्हणजे नेटवर्कवरचे ओळख-क्रमांक, वाटणं आणि त्यांना बाहेरच्या इंटरनेटशी जोडणं, हे राउटरचं काम. ते घरात एकानेच करायचं असतं. स्विच यातलं काही करत नाही. एका पोर्टवरून आलेला डेटा योग्य त्या पोर्टवर पोचवतो, बस. साध्या स्विचला सेटिंग नाही, पासवर्ड नाही. वायर घातली, लाइट लागला, काम झालं.

आता नेहमीचा घोटाळा. नवा राउटर आणला, जुन्याच्या लॅन पोर्टमधून (घरातल्या यंत्रांसाठीचा) वायर काढली आणि नव्याच्या वॅन पोर्टमध्ये (बाहेरून नेट घ्यायचा) घातली. खोक्यावरच्या चित्रात तसंच दाखवलेलं असतं, त्यामुळे दोष देता येत नाही. नेट चालतं, सगळे खूश. मग कुणीतरी वरच्या खोलीतून सर्व्हर उघडायला जातो आणि तो यादीत दिसतच नाही. कारण घरात आता दोन वेगळी नेटवर्क झालेली असतात: जुन्या राउटरचं, समजा, १९२.१६८.१ ने सुरू होणारं, नव्याचं १९२.१६८.० ने. नव्या राउटरमागच्या संगणकावरून सर्व्हरचा आयपी हाताने टाकला तर तो उघडतोही, पण नावाने सापडत नाही. आणि सर्व्हरच नव्या राउटरमागे असेल, तर जुन्या बाजूच्या संगणकांना तो आयपी टाकूनही मिळत नाही. एका खोलीतून चालतं, दुसरीतून नाही, म्हणून संशय सर्व्हरवर जातो. त्यावरची सिस्टिम नव्याने टाकून झाल्यावर आम्हाला बोलावलेलं आहे, असंही झालंय.

काहीजण वॅन पोर्ट टाळून वायर लॅन पोर्टमध्येच घालतात. हे अर्धं बरोबर आहे. पण नव्या राउटरचं डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटण्याचं काम, चालूच राहिलं तर एकाच गाडीचं आरक्षण दोन खिडक्यांवरून सुरू होतं आणि एका खिडकीला दुसरीची खबर नसते. एकच पत्ता दोघांना मिळू शकतो, किंवा एखाद्या संगणकाला नेटकडे जायची वाटच चुकीची सांगितली जाते. हा बिघाड रोज दिसत नाही, त्यामुळे सापडायला जास्त छळतो.

तुमच्याकडे असं झालंय का, हे घरच्या घरी बघता येतं. प्रत्येक संगणकाच्या नेटवर्क सेटिंगमध्ये आयपी पत्ता पाहा. टिंबांनी वेगळे केलेल्या चार आकड्यांपैकी पहिले तीन सगळीकडे सारखे हवेत, शेवटचा प्रत्येकाचा वेगळा. दुसरा राउटर आणलाच असेल तर फेकू नका. त्यात ॲक्सेस पॉइंट मोड (पत्ते न वाटता फक्त वायफाय देण्याचा) असला तर तो चालू करा. नसला तर त्याचा स्वतःचा पत्ता मुख्य राउटरच्याच मालिकेतला पण वेगळा द्या (मुख्य १९२.१६८.१.१ असेल तर याला १९२.१६८.१.२), डीएचसीपी बंद करा, वायर लॅन पोर्टमध्ये घाला आणि वॅन पोर्ट रिकामा सोडा. दुसऱ्या खोलीत वायफाय द्यायला तो उत्तम चालेल.

स्विच घेताना गिगाबिटच, म्हणजे सेकंदाला १००० मेगाबिटचा, घ्या. "आमचा नेटचा प्लॅन ५० एमबीपीएसचा, मग गिगाबिट कशाला?" हा प्रश्न हमखास येतो. संगणकावरून सर्व्हरवर फाइल जाते तेव्हा ती इंटरनेटवरून जात नाही, घरातल्या वायरीतूनच जाते. प्लॅनचा तिथे संबंध नाही. १०० मेगाबिटच्या पोर्टवर सेकंदाला फार तर ११-१२ मेगाबाइट सरकतात (आठ बिटांचा एक बाइट), गिगाबिटवर ११० च्या आसपास. फोटो-व्हिडिओंचा १०० जीबीचा बॅकअप पहिल्यावर जवळजवळ अडीच तास घेतो, दुसऱ्यावर पंधरा-सोळा मिनिटं. नेट कंपन्यांनी दिलेल्या काही राउटरचे लॅन पोर्ट १०० मेगाबिटचेच असतात. म्हणून सर्व्हर आणि सगळे संगणक स्विचला जोडा आणि स्विचपासून राउटरला एकच वायर न्या. साध्या हार्ड डिस्कच्या सर्व्हरला गिगाबिट पुरतं. एसएसडी (तिच्याहून वेगवान डिस्क) असेल आणि मोठमोठे व्हिडिओ रोज हलवायचे असतील तरच अडीच गिगाबिटचा विचार करा, आणि तोही दोन्ही टोकांची यंत्रं तेवढी असतील तर.

पोर्ट मोजताना राउटरकडे जाणारी वायर लोक विसरतात. चार संगणक, सर्व्हर आणि ती वायर मिळून सहा झाले. पाच पोर्टांचा तिथेच संपला. आठचा घ्या, प्रिंटर किंवा टीव्ही येतोच. मॅनेज्ड, म्हणजे सेटिंग करता येणारा, स्विच घराला लागत नाही, मागितलात तरी आम्ही एकदा विचारू. आणि स्विचमध्ये घातलेल्या वायरीचं सुटं राहिलेलं दुसरं टोक "असू दे" म्हणून त्याच स्विचमध्ये खुपसू नका. साध्या स्विचवर डेटा गोल फिरत राहतो आणि सगळं घर ठप्प होतं.

वायरीबद्दल आम्ही जरा हट्टी आहोत. गिगाबिटला १०० मीटरपर्यंत कॅट ५ई दर्जाची वायर पुरते, पण भिंतीतून नवी ओढणार असाल तर कॅट ६ टाका, आणि प्रत्येक खोलीत एक जास्तीची. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त वायर आम्ही ठेवत नाही; ती लवकर तुटते आणि नेटवर्क केबलच्या मानकात बसत नाही. गिगाबिटला आठही तारा लागतात, १०० मेगाबिटला चारच. त्यामुळे कनेक्टर लावताना १०० मेगाबिटला न लागणाऱ्या चारांपैकी एक तार नीट बसली नाही तरी नेट चालूच राहतं, फक्त स्पीड गुपचूप शंभरावर येतो. आम्ही प्रत्येक लाइन टेस्टरवर तपासून देतो, त्याला लागणारा वेळ बिलात असतो तो यासाठी.

सर्व्हर वायफायवर ठेवू नका. वायफायच्या एका चॅनेलवर साधारणपणे एका वेळी एकच यंत्र बोलतं, आणि खोक्यावरचा वेगाचा १२०० हा आकडा दोन्ही बँडची (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ) बेरीज असते, एका लॅपटॉपला कधी मिळत नाही. राउटरमध्ये सर्व्हरसाठी पत्ता राखून ठेवा, म्हणजे राउटर बंद-चालू झाला तरी तो बदलणार नाही. बाहेरून घरच्या फायली बघायच्या असतील तर राउटरच्या सेटिंगमधून बाहेरच्यांना पोर्ट (हा वायरीचा नव्हे) उघडून देऊ नका, व्हीपीएन, म्हणजे घरच्या नेटवर्कात यायचा सुरक्षित रस्ता, लावून घ्या; तेही आम्ही करून देतो.

मागणी देताना राउटरच्या मागच्या बाजूचा एक फोटो पाठवा, मॉडेलचं लेबल वाचता येईल असा. कुठल्या खोलीत किती यंत्रं आहेत आणि सर्व्हर कुठे ठेवणार आहात, तेही कळवा. राउटर बदलायची गरज असेल तर तसं सांगूच.