झुरळांवरील सक्तीच्या ठरावाची पार्श्वभूमी

ठाणे आणि नवी मुंबईतील अनेक गृहनिर्माण सोसायट्यांच्या सर्वसाधारण सभांत पार्किंग आणि गळती यांच्याबरोबर झुरळांचाही विषय निघतो. ‘सर्व सदनिकांत एकाच दिवशी पेस्ट कंट्रोल सक्तीचे करावे’ असा ठराव मांडला जातो आणि सभा दुभंगते. या वादाची मुळे किड्यांइतकीच इमारतींच्या रचनेत आहेत.

स्वयंपाकघरातील लहान, तांबूस झुरळाच्या जातीला जर्मनीचे नाव चिकटलेले असले तरी 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानुसार ती सुमारे 2100 वर्षांपूर्वी भारत किंवा म्यानमारच्या परिसरात एका आशियाई जातीपासून निर्माण झाली. म्हणजे हा पाहुणा परका नव्हे.

जुन्या ठाण्यातील वाड्यांत आणि चाळींत मुख्य शत्रू ढेकूण होता. खाटा उन्हात टाकणे, सांध्यांत उकळते पाणी किंवा रॉकेल ओतणे ही कामे गॅलरीत, सर्वांच्या देखत चालत आणि त्यात कोणाला लाज वाटत नसे. 1953 मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाल्यावर देशभर घरोघरी भिंतींवर डीडीटी फवारले जाऊ लागले. फवारणी डासांसाठी होती. तिच्यामुळे ढेकूणही मरतात म्हणून लोक तिचे स्वागत करत, आणि पुढे ढेकणांनी डीडीटीला दाद देणे सोडल्यावर तो उत्साह ओसरला. बाहेरच्या माणसाने घरात शिरून औषध मारायचे, ही सवय मात्र तेव्हापासूनची आहे.

1970 नंतर खाडीपलीकडे नवी मुंबई हे नियोजित शहर उभे राहू लागले आणि ठाण्यातही वाडे पाडून इमारती आल्या. शौचालय घरात आले, सांडपाण्याचे नळ डक्टमधून एका मजल्यावरून दुसऱ्यावर गेले, आणि शेजाऱ्याचे झुरळ आपले झाले. पुढे बंद कपाटांचे ओटे आले. त्यांच्या बिजागऱ्यांमागची उबदार, अंधारी फट या किड्यास अनुकूल अशीच असते. याच काळात माणसांची प्रतिक्रियाही बदलली. चाळीत चपलेच्या एका फटक्यात संपणारा विषय फ्लॅटमध्ये किंचाळण्याचा आणि त्याहून अधिक लपवण्याचा झाला. पाहुण्यांसमोर ओट्यावरून झुरळ गेले तर गृहिणीचा चेहरा उतरतो, गृहस्थाचा सहसा नाही. जपानमधील सुमारे 13,000 लोकांच्या पाहणीवर आधारित, 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने शहरी माणसाच्या किळसेची दोन कारणे दाखवली: किडे घराबाहेर दिसण्यापेक्षा घरात दिसणे, आणि त्यांच्यातील फरक ओळखता न येणे.

हे दुसरे कारण आपल्या सभांना तंतोतंत लागू पडते. ठरावात ‘झुरळे’ एवढेच लिहिलेले असते. प्रत्यक्षात प्रश्न दोन निरनिराळ्या जातींचा असतो. न्हाणीघरात अचानक उडणारे मोठे झुरळ ड्रेनेज चेंबरमधून येते, पावसाळ्यात चेंबर तुंबले की वर चढते, आणि त्याचा बंदोबस्त चेंबर व डक्टमध्ये, म्हणजे सामाईक खर्चातून व्हायला हवा. लहान तांबूस झुरळ पुठ्ठ्याच्या खोक्यांतून आणि भाजीच्या पिशव्यांतून घरात येते, तिथेच वाढते आणि नळांच्या भोकांतून शेजारी जाते. त्याची मादी तीस-चाळीस अंड्यांची कुपी पिल्ले बाहेर पडण्याच्या सुमारापर्यंत शरीराला चिकटवून हिंडते. त्यामुळे एका घरात औषध लागले आणि भिंतीपलीकडचे घर सुटले, तर काही आठवड्यांत पुन्हा तेच सुरू होते. सक्तीच्या बाजूचा युक्तिवाद हाच आहे, आणि तो भक्कम आहे.

विरोध करणाऱ्यांची कारणेही पोकळ नाहीत. कोणाच्या घरी तान्हे मूल, कोणाच्या घरी दमेकरी असतो; कोणाला चातुर्मासात जीवहत्या नको असते; भाड्याने दिलेल्या सदनिकेचा खर्च कोणी उचलायचा, हे तर अनेकदा ठरलेलेच नसते. पूर्वीच्या उग्र फवारणीत भांडी बाहेर काढून घर दिवसभर बंद ठेवावे लागे, तेव्हा हे आक्षेप अधिक सयुक्तिक होते. बिजागऱ्यांत ठिपके लावायच्या, आमिषात विष मिसळलेल्या जेलमुळे त्यांतले बरेचसे सौम्य झाले आहेत. जेल खाल्लेले झुरळ लपणीच्या जागी जाऊन मरते आणि त्याची विष्ठा किंवा मृतदेह खाणारी इतरही मरतात. तरीही विरोध करणाऱ्या घरावर ‘अस्वच्छ’ हा शिक्का बसतो. तो बहुधा अन्यायाचा असतो, कारण चकचकीत घरातही डक्टची जाळी फुटकी असू शकते.

जेलही कायमचा तोडगा ठरलेला नाही. आमिषातील ग्लुकोज टाळणारी झुरळे 1993 मध्ये अमेरिकेत नोंदली गेली आणि ग्लुकोज त्यांना कडू लागते, हे 2013 मध्ये दिसून आले. त्यामुळे औषधातले आमिष बदलत राहावे लागते आणि वार्षिक कंत्राट देताना कोणते औषध, किती वेळा, हे विचारावे लागते. आपल्याकडे बहुतेक वेळा केवळ दर विचारला जातो.

ठाण्यातील येऊरच्या डोंगराच्या पायथ्याच्या वस्तीत पहिल्या पावसानंतर तळमजल्यावर पैसा किडे येतात. ते चावत नाहीत, अन्नाला लागत नाहीत आणि केरसुणीने बाहेर लोटता येतात. तरी त्यांच्यासाठीही आता फवारणीवाल्याला फोन जातो, आणि तो खर्च सामाईक की सदनिकाधारकाचा, यावर पुढच्या सभेत पुन्हा चर्चा होते.