भरीत पार्टी, शुगरची गोळी आणि यकृताची अडचण

थंडी पडली की जळगाव-यावल पट्ट्यात शेताशेतात भरीत पार्ट्या सुरू होतात. बामणोदची वांगी काड्यांच्या जाळावर भाजली जातात, आणि कळण्याची पुरी येईपर्यंत बाजूला 'बैठक' रंगते. तिथे एक वाक्य हमखास कानावर पडतं: "घे रे भो, दारूने शुगर उतरते." उतरते, हे खरंच आहे. धोका नेमका तिथेच आहे.

रिकाम्या पोटी रक्तातली साखर यकृत सांभाळतं. ते आधी साठवलेलं ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा राखीव साठा, फोडतं. तो साठा आटत आला की लॅक्टेट, अमिनो आम्लं आणि ग्लिसरॉल यांपासून नवी साखर बनवतं. दारू यातली दुसरी वाट अडवते. अल्कोहोलचं आधी अ‍ॅसिटाल्डिहाइड आणि मग अ‍ॅसिटेट होतं. या दोन्ही पायऱ्यांवर एनएडी हा रेणू वापरला जाऊन त्याचं एनएडीएच होतं. यकृतात एनएडीएच तुंबलं की पायरुव्हेट लॅक्टेटकडे आणि ऑक्झॅलोअ‍ॅसिटेट मॅलेटकडे ढकललं जातं. नव्या साखरेचा कच्चा माल असा उलट्या दिशेने जातो. पोटभर जेवलेला माणूस साठ्यावर काही तास निभावतो, उपाशी माणसाकडे तो साठाच नसतो.

त्यात मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड ही साखर उतरवणारी गोळी किंवा इन्सुलिन घेतलेलं असेल तर साखर खाली ढकलणं चालूच राहतं. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची दुसरी गोळी एकटीच असेल तर साखर सहसा इतकी घसरत नाही; पण खूप दारू, उलट्या आणि कमजोर किडनी एकत्र आल्या तर रक्तात लॅक्टिक आम्ल साचू शकतं.

आता हिशेब. 42.8 टक्क्यांच्या 60 मिलि पेगमध्ये सुमारे 20 ग्रॅम अल्कोहोल असतं. आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या 650 मिलि बाटलीत सुमारे 41 ग्रॅम, म्हणजे 'बिअरच तर आहे' म्हणत दोन मोठे पेग पोटात गेलेले असतात. मोहाच्या दारूचा तर हिशेबच लागत नाही. ती 'औषधी' असल्याच्या गप्पांना आधार नाही. यकृत तासाला साधारण 7 ते 10 ग्रॅम निपटतं. तीन पेगना सहा ते नऊ तास लागतात, त्यामुळे साखर पहाटे झोपेत घसरू शकते.

दारू पूर्ण टाळणं उत्तम. घेणारच असाल तर डॉक्टरांना आधीच विचारा. गोळी मनाने बुडवू नका आणि दुप्पटही करू नका. भाकरी किंवा पुरी आधी खा, कारण नुसत्या शेंगदाण्यांवर आणि भरितावर भागत नाही. झोपण्यापूर्वी ग्लुकोमीटर लावा. साखर 100 च्या खाली असेल तर काहीतरी खाऊनच झोपा. 70 च्या खाली असेल तर लगेच तीन चमचे साखर पाण्यातून घ्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा.

घाम, थरथर, अडखळती जीभ ही लक्षणं नशेसारखीच दिसतात. 'चढलीये, झोपू द्या' म्हणण्याआधी बोटाला सुई टोचून बघा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नका, कुशीवर वळवा आणि 108 ला फोन करा. गोळीचं नाव आवर्जून सांगा. ग्लिमेपिराइडचा असर दिवसभर टिकतो, त्यामुळे ग्लुकोज चढवल्यावर माणूस उठून बसला तरी साखर पुन्हा उतरू शकते. तेवढा वेळ त्याला दवाखान्यातच ठेवावं लागतं.