रूमर्स (फ्लीटवुड मॅकचा अल्बम)

रूमर्स : फ्लीटवुड मॅक या ब्रिटिश-अमेरिकन पॉप रॉक बँडचा अकरावा स्टुडिओ अल्बम. वॉर्नर ब्रदर्स रेकॉर्ड्स कंपनीने तो ४ फेब्रुवारी १९७७ रोजी प्रकाशित केला. तबकडीच्या दोन बाजूंवर मिळून ११ गाणी, एकूण लांबी सुमारे ४० मिनिटे. केन कॅलॅट आणि रिचर्ड डॅशट या दोघा ध्वनिमुद्रकांनी बँडच्या बरोबरीने निर्मितीची जबाबदारी सांभाळली. जगभरात सर्वाधिक खपलेल्या मोजक्या अल्बमांमध्ये त्याची गणना होते.

या अल्बमची कथा बहुधा मोडलेल्या नात्यांपासून सुरू होते आणि तिथेच संपते. नाती मोडली होती हे खरेच. पण प्रेमभंगाची गाणी प्रत्येक काळात शेकड्यांनी होतात आणि विरूनही जातात. इथे ज्याच्यावर गाणे लिहिले त्यालाच त्या गाण्यात साथ करावी लागली, सूर लावावा लागला, आणि तो मनासारखा येईपर्यंत पुन्हा पुन्हा लावावा लागला. हे काम जवळजवळ वर्षभर चालले. अल्बम टिकला तो या कामामुळे.

पूर्वपीठिका

फ्लीटवुड मॅकची स्थापना १९६७ मध्ये लंडनमध्ये गिटारवादक पीटर ग्रीन याने केली. ड्रमवादक मिक फ्लीटवुड आणि बेसवादक जॉन मॅकव्ही यांच्या आडनावांवरून बँडला नाव मिळाले. सुरुवातीला हा ब्लूज, म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या लोकसंगीतातून आलेले संगीत, वाजवणारा बँड होता. १९७० मध्ये ग्रीन बाहेर पडला. त्याच वर्षी जॉनची पत्नी, गायिका व पियानोवादक क्रिस्टीन मॅकव्ही, रीतसर बँडमध्ये आली. पुढची चार वर्षे गिटारवादक येत-जात राहिले आणि १९७४ मध्ये बँडने आपला मुक्काम कॅलिफोर्नियात हलवला.

त्या वर्षाच्या अखेरीस गिटारवादक बॉब वेल्चनेही बँड सोडला. त्या सुमारास मिक फ्लीटवुड स्टुडिओच्या शोधात लॉस एंजेलिसमधील साउंड सिटी या स्टुडिओत गेला होता. तिथला आवाज कसा येतो हे दाखवण्यासाठी कीथ ओल्सन या ध्वनिमुद्रकाने त्याला एक गाणे ऐकवले. त्यात गिटार होती लिंडसी बकिंगहॅमची. फ्लीटवुडने त्याला बोलावले, तेव्हा आपली सहगायिका व प्रेयसी स्टीव्ही निक्स हिलाही घेतले तरच येईन, अशी अट त्याने घातली. या पाच जणांचा पहिला अल्बम १९७५ मध्ये बँडच्याच नावाने आला. तो हळूहळू चढत गेला आणि सप्टेंबर १९७६ मध्ये अमेरिकेतील अल्बमांच्या खपाच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचला. तोवर पुढच्या अल्बमचे काम अर्ध्यावर आले होते. त्यामुळे ‘रूमर्स’ पूर्ण करताना त्यांच्यापाशी वेळ होता, पैसा होता आणि रेकॉर्ड कंपनीची घाई सोसण्याची गरज उरली नव्हती.

तोवर घरे मात्र मोडली होती. जॉन आणि क्रिस्टीन यांचे १९६८ मध्ये झालेले लग्न तुटले होते आणि कामाव्यतिरिक्त ते एकमेकांशी फारसे बोलत नव्हते. बकिंगहॅम आणि निक्स यांचे अनेक वर्षांचे नाते भांडणांत संपत होते. मिक फ्लीटवुडचा संसारही विस्कटत होता. बँडला त्या काळी बाहेरचा व्यवस्थापक नव्हता. फ्लीटवुडच ते काम पाहत होता. बँड फुटला नाही, यात त्याच्या चिवटपणाचा वाटा मोठा आहे.

सॉसलिटोतील ध्वनिमुद्रण

फेब्रुवारी १९७६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या सॉसलिटो गावातील रेकॉर्ड प्लांट या स्टुडिओत काम सुरू झाले. आतून लाकडाने मढवलेली, खिडक्या नसलेली ही इमारत. दिवस कधी उगवला आणि कधी मावळला हे आत कळत नसे. काम संध्याकाळी सुरू होऊन पहाटेपर्यंत चाले आणि त्याला दारू व कोकेनची सोबत असे. बँडमधल्या कुणीही ही गोष्ट पुढे लपवलेली नाही.

सुरुवातीचे दिवस वाद्यांचा आवाज बसवण्यातच गेले. पियानो मनासारखा लागेना. स्वर जुळवण्यासाठी माणसे बोलावली गेली, पियानो बदलले गेले. ड्रमच्या आवाजावरही अशीच मेहनत झाली. स्टुडिओत २४ ट्रॅकचे, म्हणजे एकाच टेपवर २४ आवाज वेगवेगळे साठवणारे यंत्र होते. आधी ड्रम, बेस आणि एखादे वाद्य असा पाया मुद्रित करायचा, मग त्यावर गिटार, पियानो, मुख्य आवाज आणि साथीचे आवाज एकेक करून चढवायचे, अशी कामाची रीत होती. सॉसलिटोनंतर लॉस एंजेलिस परिसरातील स्टुडिओंमध्ये आणि मायामीतील क्रायटेरिया स्टुडिओत हे चढवणे चालू राहिले. पायातले बरेच काही काढून टाकून नव्याने वाजवले गेले.

यात बकिंगहॅमची दृष्टी निर्णायक ठरली. गाणे कोणाचेही असो, त्याची बांधणी तो करत असे. निक्सच्या गाण्यांवर त्याने केलेले काम ऐकताना थक्क व्हायला होते, कारण ती गाणी त्याच्याविरुद्धच लिहिलेली होती.

गाणी

‘ड्रीम्स’ हे त्याचे उत्तम उदाहरण. रेकॉर्ड प्लांटमध्ये स्लाय स्टोन या अमेरिकन संगीतकारासाठी बांधलेली एक खोलगट, मखमली सजावटीची खोली होती. इतरांचे काम चालू असताना निक्स तिथे छोटा इलेक्ट्रिक पियानो आणि कॅसेट रेकॉर्डर घेऊन बसली आणि सुमारे १० मिनिटांत गाणे घेऊन बाहेर आली. गाण्यात जवळजवळ दोनच कॉर्ड (एकत्र वाजणाऱ्या स्वरांचे गट) आहेत. क्रिस्टीनला ते पहिल्यांदा कंटाळवाणे वाटले होते. बकिंगहॅमने कॉर्ड तेच ठेवून प्रत्येक भागाला वेगळा पोत दिला. कुठे गिटार नुसती उसासा टाकल्यासारखी येते, कुठे तीन आवाजांचा स्वरमेळ पसरतो. ठेका एकसारखा राहावा म्हणून ड्रमच्या एका तुकड्याची टेप गोल जोडून ती सलग फिरवली. निक्सने पाया मुद्रित करताना गायलेला आवाज पुन्हा कधी तसा लागला नाही, म्हणून तोच ठेवला.

बकिंगहॅमची बाजू ‘गो युवर ओन वे’ मध्ये आहे. आपल्यावर इतर पुरुषांसोबत राहण्याचा आरोप करणारी त्यातली ओळ निक्सला खोटी आणि बोचरी वाटत असे आणि ती काढण्याची तिची विनंती त्याने मानली नाही. तरीही त्या गाण्यात तिचा साथीचा आवाज आहे, आणि पुढे अनेक वर्षे ती ते रंगमंचावर त्याच्या शेजारी उभी राहून गात राहिली.

क्रिस्टीनची चार गाणी या अल्बममध्ये आहेत. इतरांपेक्षा एक जास्तच. तिचा स्वभाव वेगळा. ‘डोन्ट स्टॉप’ मध्ये ती विभक्त नवऱ्याला पुढे बघायला सांगते. ते आपल्याला उद्देशून आहे हे जॉनला कैक वर्षे उमगले नव्हते. ‘यू मेक लव्हिंग फन’ तिच्या नव्या प्रियकराविषयी होते, जो बँडचाच प्रकाशयोजनाकार होता. नवऱ्याला मात्र तिने ते आपल्या कुत्र्याविषयी असल्याचे सांगितले. त्या गाण्याचा डौल ज्या बेसवर उभा आहे, तो जॉननेच वाजवलेला आहे.

‘साँगबर्ड’ तिने मध्यरात्री अर्ध्या तासात रचले. जवळ टेप नव्हती, म्हणून विसरू नये यासाठी ती सकाळपर्यंत ते वाजवत बसली. कॅलॅटला त्यात मोठ्या सभागृहाची गुंज हवी होती. त्यामुळे ३ मार्च १९७६ रोजी बर्कली येथील विद्यापीठाच्या झेलरबाख सभागृहात रिकाम्या खुर्च्यांसमोर ते मुद्रित झाले. पियानोवर फुले ठेवली होती, वरून तीन झोत सोडले होते. लय हलू नये म्हणून बकिंगहॅम मंचामागे बसून हळू गिटार वाजवत होता. ध्वनिमुद्रण पहाटेपर्यंत चालले.

‘द चेन’ या एकाच गाण्याच्या रचनेचे श्रेय पाचही जणांच्या नावे आहे. ते कुणी एकसंध लिहिलेले नाही. क्रिस्टीनच्या एका नाकारलेल्या गाण्याचा शेवटचा भाग, निक्सचे शब्द आणि नव्याने वाजवलेली कडवी असे तुकडे टेप ब्लेडने कापून आणि चिकटवून जोडले आहेत. मध्ये सगळे थांबते आणि जॉनचा बेस एकटा सुरू होतो. त्या दहा सुरांनी गाणे दुसऱ्याच दिशेला वळते. बीबीसीने १९७८ पासून फॉर्म्युला वन मोटार शर्यतींच्या प्रक्षेपणासाठी हाच भाग वापरला, त्यामुळे बँडचे नावही माहीत नसलेल्या ब्रिटिश घरांमध्ये तो पोहोचला.

उरलेल्या गाण्यांमध्ये कारागिरीचे बारकावे विखुरलेले आहेत. ‘सेकंड हँड न्यूज’ मधला एक ठेका बकिंगहॅमने स्टुडिओतल्या खुर्चीची बैठक बडवून काढला. ‘नेव्हर गोइंग बॅक अगेन’ साठी गिटारचा टवटवीत आवाज हवा म्हणून दर २० मिनिटांनी तारा बदलल्या जात होत्या. ‘गोल्ड डस्ट वुमन’ निक्सने अंधुक उजेडात, डोक्याभोवती काळी ओढणी गुंडाळून गायले. शेवटी ऐकू येणारा काच फुटण्याचा आवाज फ्लीटवुडने खरोखरच काचा फोडून दिला आहे. ‘ओ डॅडी’ हे त्या मानाने सपाट गाणे आहे आणि अल्बमची दुसरी बाजू तिथे थोडी रेंगाळते.

या सर्वांखाली फ्लीटवुड आणि जॉन मॅकव्ही यांची जोडी आहे. त्यांनी ब्लूजमध्ये शिकलेला संयम सोडलेला नाही. जागा भरून काढण्याचा मोह दोघांनाही होत नाही. कॅलिफोर्नियाच्या गोड चालींना जड पाय देणारी ही लंडनची जोडी नसती, तर हा अल्बम त्या काळच्या इतर गुळगुळीत रेकॉर्डांसारखा वाटला असता.

झिजलेली टेप

काम बरेच पुढे गेल्यावर कॅलॅटच्या लक्षात आले की ड्रमचा आवाज निस्तेज होत चालला आहे. त्याच टेपा महिनोन्महिने, हजारो वेळा यंत्रातून फिरल्या होत्या. त्यांच्यावरचा चुंबकीय थर झिजून वरच्या पट्टीचे बारीक ध्वनी पुसले गेले होते. अल्बम तिथेच बुडायचा. सुदैवाने सॉसलिटोत पाया मुद्रित करताना एकाच वेळी दोन यंत्रे चालवली होती, म्हणून न झिजलेली दुसरी प्रत शिल्लक होती. नंतर चढवलेले गिटार, पियानो आणि आवाज तिच्यावर उतरवायचे होते, पण दोन टेपा एका वेगाने चालवणारा संकेत त्यांच्यावर नव्हता. शेवटी एका जाणकाराने रात्रभर कानाला हेडफोन लावून, एका कानात जुने ड्रम आणि दुसऱ्या कानात नवे ड्रम ऐकत, वेग कमी-जास्त करणारे बटण हाताने फिरवत दोन्ही टेपा जुळवल्या. आज आपण ऐकतो त्या ड्रमची धार अशी वाचली आहे.

वगळलेले गाणे

निक्सचे ‘सिल्व्हर स्प्रिंग्ज’ हे गाणे अल्बममध्ये आले नाही. कारण तबकडीच्या मर्यादेचे होते: एका बाजूवर वेळ वाढला की खाचा उथळ होतात आणि आवाज पडतो. हे गाणे लांब होते. त्याऐवजी तिचेच जुने, छोटे ‘आय डोन्ट वॉन्ट टू नो’ घेतले गेले आणि त्याचे संगीत तिला न सांगता मुद्रित झाले. ती संतापली, पण गायली. ‘सिल्व्हर स्प्रिंग्ज’ डिसेंबर १९७६ मध्ये ‘गो युवर ओन वे’ च्या तबकडीच्या मागच्या बाजूला टाकले गेले. १९९१ मध्ये निक्स बँडमधून बाहेर पडली, तेव्हा या गाण्याच्या हक्कांचा वाद त्यामागे होता. १९९७ च्या पुनर्मीलनाच्या मैफलीत तिने बकिंगहॅमकडे रोखून पाहत ते गायले आणि वीस वर्षांनी ते गाणे लोकांचे झाले. माझ्या मते ते तिचे सर्वोत्तम गाणे आहे आणि ते वगळणे हा या अल्बमच्या निर्मितीतला एकमेव मोठा चुकीचा निर्णय होता.

प्रकाशन आणि स्वागत

बँडमधले लोक एकमेकांविषयीच गाण्यांतून कुजबुजत आहेत, या अर्थाने नाव जॉन मॅकव्हीने सुचवले. मुखपृष्ठावरचे छायाचित्र हर्बर्ट वर्दिंग्टनचे. त्यावर फ्लीटवुड आणि नृत्याच्या मुद्रेत निक्स असे दोघेच आहेत. फ्लीटवुडच्या कमरेला लाकडी गोळे लोंबत आहेत.

एप्रिल १९७७ मध्ये अल्बम अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेला आणि मधले खंड वगळता एकूण ३१ आठवडे तिथे राहिला. चार गाणी पहिल्या दहांत आली; ‘ड्रीम्स’ जूनमध्ये पहिली आली आणि बँडच्या इतिहासात अमेरिकेत पहिला क्रमांक मिळवणारे ते एकमेव गाणे ठरले. ब्रिटनमध्ये अल्बमला पहिल्या जागेसाठी जानेवारी १९७८ पर्यंत थांबावे लागले आणि ती एकच आठवडा टिकली. पण तिथल्या यादीत तो आजवर हजाराहून अधिक आठवडे राहिला आहे. फेब्रुवारी १९७८ मध्ये त्याला वर्षातील सर्वोत्कृष्ट अल्बमचे ग्रॅमी पारितोषिक मिळाले.

समीक्षकांनी त्याचे एकूण चांगले स्वागत केले. रॉबर्ट क्रिस्टगाऊ याने ‘द व्हिलेज व्हॉइस’ मध्ये त्याला ‘ए’ श्रेणी दिली आणि त्या नियतकालिकाच्या वार्षिक समीक्षक-मतदानात अल्बम चौथा आला. त्याच वर्षी लंडनमध्ये पंक रॉक हे खडबडीत, बंडखोर संगीत उसळत होते. त्या तरुणांना इतके घासून-पुसून केलेले श्रीमंत संगीत परके वाटणे स्वाभाविक होते, आणि पुढे काही काळ हा अल्बम आवडतो असे म्हणणे मागासपणाचे मानले जाई. बकिंगहॅमलाही तोच साचा पुन्हा वापरायचा नव्हता. १९७९ चा ‘टस्क’ हा २० गाण्यांचा दुहेरी अल्बम त्याने मुद्दाम खडबडीत ठेवला.

नंतरचा प्रवास

१९९२ च्या निवडणूक प्रचारात बिल क्लिंटन यांनी ‘डोन्ट स्टॉप’ वापरले आणि जानेवारी १९९३ मध्ये त्यांच्या शपथविधीच्या सोहळ्यासाठी पाचही जण पुन्हा एकत्र आले. १९९८ मध्ये आयरिश बँड द कॉर्सने ‘ड्रीम्स’ नाचाच्या ठेक्यावर गाऊन नव्या पिढीपर्यंत नेले. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने अल्बमची राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत जतनासाठी निवड केली. २०२० मध्ये स्केटबोर्डवरून जाताना ‘ड्रीम्स’ ऐकणाऱ्या एका माणसाची टिकटॉकवरील चित्रफीत पसरली आणि ४३ वर्षांनी अल्बम अमेरिकेच्या पहिल्या दहांत परतला. जगभरात त्याच्या ४ कोटींहून अधिक प्रती खपल्याचे सांगितले जाते. क्रिस्टीन मॅकव्हीचे ३० नोव्हेंबर २०२२ रोजी निधन झाले.

२००४ च्या पुनर्मुद्रणात ‘सिल्व्हर स्प्रिंग्ज’ अल्बममध्ये घेतले गेले, ‘साँगबर्ड’ आणि ‘द चेन’ यांच्या मधोमध. गाण्याला न्याय मिळाला, पण मूळ तबकडीवर पहिली बाजू ‘साँगबर्ड’ ने संपत असे आणि ‘द चेन’ ऐकायला उठून तबकडी उलटावी लागे. नव्याने ऐकणाऱ्याने आधी ११ गाण्यांचा मूळ क्रमच ऐकावा आणि ‘सिल्व्हर स्प्रिंग्ज’ नंतर वेगळे ऐकावे.