शिंगाडा (वनस्पती आणि मासे)

शिंगाडा हे मराठीत एका पाणवनस्पतीचे आणि तिच्या फळाचे नाव आहे; त्याच नावाने गोड्या व खाऱ्या पाण्यातले काही मासेही ओळखले जातात. सोलापुरात एकादशीच्या आदल्या दिवशी किराणा दुकानात ‘पाव किलो शिंगाडा द्या’ म्हटले की पुडीत पीठ बांधून मिळते. मासळीच्या पाटीपुढे तोच शब्द उच्चारला तर लांब मिशांचा, बिनखवल्यांचा मासा तराजूत पडतो. दोघांत जोडणारा दुवा एकच, शिंग.

संस्कृतात शृंग म्हणजे शिंग आणि शृंगाटक म्हणजे हे पाणफळ, त्यावरून शिंगाडा. रस्ते जिथे फुटतात त्या चौकालाही संस्कृतात शृंगाटक म्हणत. बंगालीत तर शिंगाडा म्हणजे समोसा, आणि फळाला ते पाणिफल म्हणतात. टोक किंवा फाटा दिसला की लोकांना हा शब्द आठवत आला आहे.

वनस्पतीचे शास्त्रीय नाव ट्रॅपा नटान्स, आपल्याकडचा प्रकार बायस्पायनोजा, म्हणजे दोन काट्यांचा. ती मेंदीच्या कुळात मोडते. साठलेल्या पाण्यावर पानांचा चक्राकार झुबका तरंगतो. देठ मध्ये फुगून हवेने भरलेले असतात, त्यावर सगळा भार पेलला जातो. पांढरे, चार पाकळ्यांचे फूल पाण्याच्या वर उमलते, मग देठ वाकतो आणि फळ पाण्याखाली पिकते. शिंगे मुळात फुलाची निदले, म्हणजे पाकळ्यांखालची दले, असतात. ती गळून न पडता टणक होतात. ताजे फळ हातात घेतले तर ही टोके बोटात चांगलीच रुततात. सालीखालचा गर मात्र दुधट, पांढराशुभ्र आणि किंचित गोड. महाराष्ट्रात लागवड मुख्यतः भंडारा-गोंदियाच्या तळ्यांत होते आणि ती पिढ्यान्‌पिढ्या ढिवर या मासेमार समाजाने सांभाळली आहे. तळ्यात उतरून काटेरी फळ खुडणाऱ्या या हातांची आठवण उपवास करणाऱ्यांनी ठेवायला हवी.

शिंगाडा धान्य नव्हे, फळ आहे. म्हणून त्याचे पीठ उपवासाला चालते. आषाढी-कार्तिकीचे पंढरपूर सोलापूर जिल्ह्यातच असल्याने इथल्या घरांत ते नवे नाही. पिठात ग्लुटेन, म्हणजे गव्हाची कणीक चिवट ठेवणारे प्रथिन, नसते, त्यामुळे थालीपीठ थापताना कडा फाटतात. उकडलेला बटाटा कुस्करून घातला की ते एकसंध राहते. शिरा करताना पीठ तुपावर मंद आचेवर, खमंग वास सुटेपर्यंत भाजावे लागते. घाई केली तर कच्चट चव राहते.

शिंगाडा मासा म्हणजे प्रामुख्याने स्पेराटा सिंघाला. यातला ‘सिंघाला’ आपलाच शिंगाळा, म्हणजे शिंगाडा, आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यातले विल्यम हेन्री साइक्स यांनी दख्खनच्या नद्यांतल्या माशांची वर्णने १८३९ मध्ये प्रसिद्ध केली आणि या जातीला कोळ्यांच्या तोंडचेच नाव दिले. पुढे या माशाच्या शास्त्रीय नावातला पहिला शब्द अनेकदा बदलला, मराठी शब्द तसाच टिकला. मराठी बोलणाऱ्याला याचा अभिमान वाटावा.

अंग लांबट व गुळगुळीत, मुस्कट चपटे, मिशांच्या चार जोड्या, आणि पाठीमागच्या मांसल परावर एक काळा ठिपका. ‘शिंगे’ म्हणजे पाठीवरच्या आणि छातीच्या परांतले कणखर काटे. धोका जाणवला की मासा ते ताठ करतो आणि सांध्यात अडकवून ठेवतो. मग ते दाबून खाली बसत नाहीत. छातीच्या काट्याला आतून करवतीसारखे दाते असतात, त्यामुळे जाळ्यात गुंतलेला शिंगाडा सोडवताना हात फाटतो. म्हणून साफ करताना आधी काटे उडवतात, मग पोटाला हात घालतात. मासा मांसाहारी आहे, लहान मासे व कोळंबी खातो. मांसात बारीक काटे कमी असल्याने मुलांनाही बिनघोर देता येतो. कडक भाकरी कुस्करून त्याच्या झणझणीत रश्शात खाणे ही खरी सोलापुरी पंगत.

माढा तालुक्यात भीमेवर १९८० मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणाच्या जलाशयातून हा मासा येतो. तिथे चिलापी मासाच फार, त्यामुळे चांगल्या वजनाचा शिंगाडा दिसला की गिऱ्हाईक थांबते. याच वर्गातल्या लहान जातींना शिंगटा म्हणतात. सोलापूर शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू घरांत या माशांना ‘जेल्ला’ हा शब्द आहे.

कोकणात शिंगाडा किंवा शिंगाळा म्हटले की समुद्रातला मासा समजावा. त्याचे कुळ वेगळे आणि सवयही विलक्षण: नर गोटीएवढी अंडी तोंडात धरून उबवतो, आणि त्या काळात जवळजवळ उपाशी राहतो. उत्तरेकडची सिंघी ही मासोळी आणखी निराळी, तिचा काटा विषारी असतो. मेढशिंगी हा माळावरचा वृक्ष आणि औषधातली काकडशिंगी यांच्या नावातही शिंगच आहे, पण त्यांना कोणी शिंगाडा म्हणत नाही. चायनीज पदार्थांतला कुरकुरीत ‘वॉटर चेस्टनट’ही बहुधा हे फळ नसतो, तो लव्हाळ्याच्या कुळातल्या एका वनस्पतीचा कंद असतो.

बोलण्यात घोटाळा होत नाही, कारण क्रियापद सोबत असते: फळ सोलतात, पीठ भाजतात, मासा साफ करतात. श्रावण लागला की बऱ्याच घरांत मासळी बंद होते, आणि महिनाभर शिंगाडा म्हटले की फक्त पिठाचा डबा पुढे येतो.