'मेटलर्जी'ला 'मटेरियल्स' कसे जोडले गेले

आयआयटी मुंबईत धातुशास्त्राचा विभाग 1958 पासूनचा. आज तिथली एम.टेक. 'मेटलर्जिकल इंजिनिअरिंग अँड मटेरियल्स सायन्स' विभागात होते. नावाचा हा उत्तरार्ध मागाहून जोडलेला. 'पदार्थविज्ञान' म्हटले की मराठीत फिजिक्सच डोळ्यांपुढे येते, म्हणून आपणही 'मटेरियल्स'च म्हणतो.

पूर्वी हा विषय खाणकामाच्या जोडीने शिकवत. जर्मनीतल्या फ्रायबर्गची खाण अकादमी 1765 ची. बनारस हिंदू विद्यापीठात 1923 मध्ये धातुशास्त्र सुरू झाले, तेही खाणकामाबरोबरच. भर खनिजातून धातू काढण्यावर.

धातूच्या आत पाहण्याची वाट शेफिल्डच्या हेन्री क्लिफ्टन सॉर्बीने 1863 च्या सुमारास दाखवली. खडकाचे पातळ काप तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहत असे. पोलादातून प्रकाश आरपार जात नाही, म्हणून त्याने पृष्ठभाग आरशासारखा घासला, त्यावर आम्ल लावले आणि परावर्तित प्रकाशात पाहिले. प्रयोगशाळेत आजही हेच करतात. 220 पासून 1000 नंबरपर्यंतचे घासायचे पेपर (नंबर वाढेल तसा पेपर बारीक) क्रमाने वापरायचे, दर पेपरला नमुना 90 अंशांत फिरवायचा आणि आधीचे ओरखडे पूर्ण गेल्याशिवाय पुढचा पेपर घ्यायचा नाही. मग कापडी चकतीवर अॅल्युमिना किंवा डायमंड पेस्ट, शेवटी आम्लाची प्रक्रिया करायला 2 टक्के नायटल, म्हणजे 98 मिली इथेनॉलमध्ये 2 मिली नायट्रिक आम्ल. साध्या कार्बन पोलादाला काही सेकंद पुरतात. जास्त ठेवले तर पर्लाइट, म्हणजे पोलादातली थराथरांची रचना, काळा ठिक्कर पडतो आणि त्यातले थर दिसत नाहीत. पेपर बदलताना नमुना धुतला नाही, तर जाड कण पुढे येतात आणि सगळी मेहनत वाया जाते.

रचना बघून गुणधर्म सांगायची ही सवय पुढे सिरॅमिक, पॉलिमर, अर्धवाहक यांनाही लागू पडली. अमेरिकेत नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाने 1950 च्या दशकाअखेर धातुशास्त्राच्या पदव्युत्तर विभागाला मटेरियल्स सायन्स हे नाव दिले. 1957 च्या स्पुटनिक या सोव्हिएत उपग्रहानंतर सरकारी पैसाही आला: 1960 मध्ये संरक्षण खात्याच्या आर्पा या संशोधन संस्थेने कॉर्नेल, पेनसिल्व्हेनिया आणि नॉर्थवेस्टर्न इथे अशा संशोधनाच्या आंतरविद्याशाखीय प्रयोगशाळा उभारायला मदत केली. भौतिकीचे, रसायनाचे आणि धातूचे लोक एकाच छताखाली आले, आणि विषयाची खरी वाढ तिथेच झाली असे मला वाटते.

एम.टेक. प्रवेशासाठीच्या गेट परीक्षेत ही दुहेरी ओळख आजही दिसते. धातुशास्त्राचा एमटी पेपर वेगळा, आणि एक्सई (इंजिनिअरिंग सायन्सेस) पेपरमध्ये मटेरियल्स सायन्स हा एक ऐच्छिक विभाग. त्या पेपरात अभियांत्रिकी गणित मात्र सगळ्यांना सक्तीचे.