नॉर्थ कॅरोलायनातल्या छोट्या गावात ऐतिहासिक घर घेताना: पात्रता, कागदपत्रं आणि अर्जांचा क्रम

एडन्टन, टारबरो, वॉरेन्टन अशा गावांत शंभरेक वर्षांची लाकडी घरं विक्रीला येतात. पुढे रुंद पडवी, उंच छत, विटांची चिमणी, आणि किंमत रॅली किंवा शार्लट या मोठ्या शहरांच्या मानाने बरीच कमी. ती कमी असते कारण घराला काम फार लागतं आणि पुष्कळदा घराबरोबर अटीही येतात. कागद चुकीच्या क्रमाने केले तर कर्ज किंवा करसवलत हातची जाते, म्हणून इथे क्रमावर भर दिला आहे.

‘ऐतिहासिक’ म्हणजे नेमकं काय, ते आधी विचारा

घर ‘नॅशनल रजिस्टर’वर आहे म्हणून घाबरू नका. १९६६च्या कायद्याने सुरू झालेली ऐतिहासिक वास्तूंची ही राष्ट्रीय यादी मानाची आहे. स्वतःच्या पैशाने स्वतःच्या घरात बदल करणाऱ्याला ती अडवत नाही.

स्थानिक ‘हिस्टॉरिक डिस्ट्रिक्ट’ची, म्हणजे गावाने ऐतिहासिक ठरवलेल्या भागाची, गोष्ट निराळी. तिथे बाहेरून दिसणाऱ्या बदलासाठी गावाच्या प्रिझर्वेशन कमिशनकडून ‘सर्टिफिकेट ऑफ अप्रोप्रिएटनेस’, म्हणजे बदल त्या भागाला साजेसा असल्याचं प्रमाणपत्र, घ्यावं लागतं. किरकोळ काम कर्मचारी स्तरावर मंजूर होतं, मोठं काम कमिशनच्या बैठकीत जातं. सगळ्यात जास्त वाद खिडक्यांवरून होतात. जुन्या लाकडी खिडक्या काढून व्हायनलच्या (प्लॅस्टिकच्या) बसवायचा विचार असेल, तर तो घर घेण्याआधीच कमिशनच्या नियमावलीशी ताडून बघा.

तिसरा प्रकार खरेदीखतातल्या अटींचा. ‘प्रिझर्वेशन नॉर्थ कॅरोलायना’ ही संस्था पडीक घरं मिळवून अशा अटींसह विकते. एडन्टनच्या सूतगिरणीतल्या कामगारांची वसाहत १९९५ मध्ये तिच्याकडे आली आणि पुढे घरं एकेक करून विकली गेली. या व्यवहारात दुरुस्ती ठरलेल्या मुदतीत करण्याचा करार असतो, आणि अटी पुढच्या मालकालाही लागू राहतात. माझ्या मते हा सौदा चांगला आहे, पण दुरुस्तीचे पैसे आजच हाताशी असतील तरच.

कर्ज: कोण पात्र?

अमेरिकी कृषी खात्याची, म्हणजे यूएसडीएची, हमी असलेलं कर्ज शून्य डाउन पेमेंटवर मिळतं. कुटुंबाचं उत्पन्न त्या भागाच्या मध्यम उत्पन्नाच्या ११५ टक्क्यांच्या आत हवं आणि घर त्यांच्या व्याख्येनुसार ग्रामीण भागात हवं. पत्ता टाकून नकाशावर तपासता येतं. हमीशुल्क सुरुवातीला १ टक्का आणि दरवर्षी ०.३५ टक्के. नागरिक आणि ग्रीन कार्डधारकांना ही वाट खुली आहे, एच-१बी वाल्यांना नाही. २५ मे २०२५ पासून एफएचएची (केंद्र सरकारच्या गृहनिर्माण प्रशासनाची) हमी असलेली कर्जंही तात्पुरत्या व्हिसावरच्या लोकांना बंद झाली. अशांनी फॅनी मे या बँकांची गृहकर्जं विकत घेणाऱ्या संस्थेच्या नियमांतलं साधं कर्ज बघावं, तिथे कायदेशीर वास्तव्य पुरतं.

छत गळतंय, वीज तोडलेली आहे अशा घरावर नेहमीचं कर्ज बहुधा मिळत नाही. त्यासाठी खरेदी आणि दुरुस्ती एकत्र धरणारी कर्जं आहेत: एफएचएचं २०३-के आणि फॅनी मेचं होमस्टाइल. २०३-केच्या छोट्या प्रकारात ७५,००० डॉलरपर्यंतची दुरुस्ती बसते, मात्र घराच्या सांगाड्याचं मोठं काम त्यात चालत नाही.

कागदपत्रं

दोन वर्षांचे डब्ल्यू-२ (मालकाकडून मिळणारे वार्षिक पगार आणि कराचे दाखले), शेवटच्या महिन्याच्या पगारपावत्या, दोन महिन्यांची बँक स्टेटमेंट, ओळखपत्र, सोशल सिक्युरिटी क्रमांक, ग्रीन कार्ड किंवा आय-७९७ (व्हिसा-अर्ज मंजूर झाल्याची सूचना). स्वतःचा धंदा असेल तर दोन वर्षांची करविवरणपत्रं. दुरुस्तीचं कर्ज असेल तर कंत्राटदाराचं तपशीलवार अंदाजपत्रक.

आईवडील भारतातून पैसे पाठवणार असतील तर सहीचं ‘गिफ्ट लेटर’, म्हणजे पैसे भेट आहेत, परत द्यायचे नाहीत असं पत्र, लागतं. भारतात राहणाऱ्या एका व्यक्तीला आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलर पाठवता येतात. दहा लाख रुपयांच्या वरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस (आगाऊ कर) कापते, तो विवरणपत्रात वळता करून घेता येतो. वर्षभरात भेट एक लाख डॉलरच्या वर गेली तर इथे अमेरिकेत तुम्हाला परदेशी भेटीची माहिती देणारा फॉर्म ३५२० भरावा लागतो. कर लागत नाही, पण फॉर्म राहिला तर दंड जबर.

ऑफर आणि तपासणी

या राज्यात ऑफरबरोबर ‘ड्यू डिलिजन्स फी’, म्हणजे तपासणीसाठी मिळणाऱ्या मुदतीचं शुल्क, थेट विकणाऱ्याला जाते. व्यवहार झाला तर किमतीत वळती होते, तुम्ही माघार घेतलीत तर सहसा गेली म्हणून समजा. ‘अर्नेस्ट मनी’ (बयाणा) वेगळी, ती एस्क्रोमध्ये, म्हणजे त्रयस्थाकडे, राहते आणि तपासणीच्या ठरलेल्या मुदतीत माघार घेतल्यास परत मिळते. त्या मुदतीतच वाळवीचा अहवाल, पायाची आणि वायरिंगची तपासणी उरका. विमा कंपनीचा होकारही आत्ताच घ्या. जुनी नॉब-अँड-ट्यूब वायरिंग दिसली की कित्येक कंपन्या नाही म्हणतात, आणि विम्याशिवाय कर्ज नाही. १९७८ पूर्वीच्या घरासाठी शिशाच्या रंगाचं माहितीपत्रक आणि चाचणीसाठी दहा दिवसांची संधी देणं विकणाऱ्याला बंधनकारक आहे.

मालकीहक्काचा शोध इथे वकील घेतो. दक्षिणेत मृत्युपत्राशिवाय पिढ्यान्‌पिढ्या उतरलेली घरं खूप, आपल्याकडे आजोबांनंतर सातबाऱ्यावर वारसनोंदच न झालेल्या जमिनीसारखी. एखादा चुलत वारस शिकागोत निघाला तर त्याचीही सही लागते. टायटल इन्शुरन्समध्ये (मालकीहक्कातल्या दोषांविरुद्धच्या विम्यात) स्वतःची ‘ओनर्स पॉलिसी’ मागून घ्या, कर्जदात्याची पॉलिसी तुमचं रक्षण करत नाही.

करसवलतीचा अर्ज

२० टक्क्यांची केंद्रीय सवलत उत्पन्न देणाऱ्या इमारतींनाच आहे, राहत्या घराला नाही. राहत्या घरासाठी राज्याची १५ टक्क्यांची सवलत आहे: किमान १०,००० डॉलर खर्च आणि सवलत जास्तीत जास्त २२,५०० डॉलर. घर नॅशनल रजिस्टरवर, किंवा त्या रजिस्टरवर असलेल्या डिस्ट्रिक्टमध्ये महत्त्वाचं म्हणून नोंदलेलं हवं. अर्ज राज्याच्या हिस्टॉरिक प्रिझर्वेशन ऑफिसकडे, सध्याच्या स्थितीच्या फोटोंसह. काम सुरू करण्यापूर्वी तो मंजूर करून घ्या. आधी तोडफोड केलीत आणि ती त्यांच्या मानकांत बसली नाही, तर सवलत नाकारली जाते.