पुढच्या दाराची पूर्वपीठिका: इंग्लंडातलं काँपोझिट दार आलं कुठून

आमचं घर १९३०च्या दशकातलं, सेमी-डिटॅच्ड, म्हणजे एका भिंतीने शेजारच्या घराला जोडलेलं, इंग्लंडात असली घरं गल्लोगल्ली दिसतात. पुढचं दार मात्र नव्वदीतलं पांढरं यूपीव्हीसीचं, म्हणजे कडक प्लॅस्टिकचं, आता पिवळं पडलंय, आणि हिवाळ्यात खालून इतका गार वारा शिरतो की आईने एक जुनी साडी गुंडाळून तिथे लावून ठेवलीय. तर यंदा काँपोझिट दार घ्यायचं ठरलं, म्हणजे बाहेरून फायबरग्लास आणि आत फोम किंवा लाकूड असलेलं. सेल्समन आला, टॅबलेट काढला आणि पहिला प्रश्न काय, तर रंग कुठला. अँथ्रासाइट ग्रे, चार्टवेल ग्रीन, काळा, लाल... तासभर रंगातच गेला. ब्रोशरच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात पास २४, टीएस ००७, यू-व्हॅल्यू १.४, एफडी३० असलं कायकाय होतं त्याबद्दल हा माणूस चकार शब्द बोलला नाही. मग मीच ते एकेक करून शोधत बसलो, आणि खरी गोष्ट तिथेच निघाली राव, त्यातल्या प्रत्येक आकड्यामागे कुठेतरी चोरी आहे, कुठेतरी सरकारी धोरण आहे, आणि एका ठिकाणी तर मोठी आग आहे.

आधी जुनं लाकडी दार. जॉर्जियन काळातलं सहा पॅनेलांचं, व्हिक्टोरियन काळात बहुतेक चार पॅनेलांचं. हे चौकोन शोभेचे नव्हते हं. लाकूड ओलाव्याने फुगतं, कोरडं झालं की आकसतं, म्हणून चहूबाजूंनी जाड पट्ट्यांचा सांगाडा करायचा आणि मधल्या पातळ फळ्या खाचेत नुसत्या बसवायच्या, न चिकटवता, म्हणजे त्यांना हलायला जागा राहते. आजच्या काँपोझिट दारावरचे चौकोन बोट फिरवून बघा, सांधा कुठेच लागत नाही, सगळं एकाच साच्यातून दाबून काढलेलं, लाकडाच्या रेषासुद्धा. काम संपलं, आकार राहिला.

पत्रपेटीची फट टपालामुळे आली. १८४०च्या आधी टपालाचे पैसे बहुतेक वेळा पत्र घेणारा द्यायचा, मग पोस्टमन दारात थांबायचा, पैसे मोजून घ्यायचा, पुढच्या घरी जायचा. १८४० मध्ये पेनी पोस्ट आलं, पेनी ब्लॅक तिकीट आलं, पैसे आधीच भरलेले, म्हणजे दारात उभं राहायचं कारणच उरलं नाही. १८४९च्या सुमारास पोस्ट खातं लोकांना सांगायला लागलं की दारात फट पाडून घ्या. आज तीच फट चोराच्या कामाची, तार आत घालून टेबलावरच्या गाडीच्या चाव्या ओढून काढतात, म्हणून आता त्या पत्रपेटीच्या झाकणालाही वेगळं स्टँडर्ड आहे, टीएस ००८.

कुलूप येलचं. लायनस येल धाकटा, अमेरिकन, १८६१ चं पेटंट, ती छोटी चपटी किल्ली. दार ओढलं की आपोआप लॉक. इथे नव्याने आलेला प्रत्येक मराठी माणूस एकदा तरी कचरा टाकायला स्लिपरवर बाहेर गेलाय आणि किल्ली आत राहिलीय, मी फेब्रुवारीत गेलो होतो, जास्त सांगत नाही.

आता मुख्य वळण. १९८० चा हाउसिंग अ‍ॅक्ट, थॅचरबाईंचं सरकार, राइट टू बाय, म्हणजे भाडेकरूला राहतं घर विकत घ्यायचा हक्क. कौन्सिलच्या (म्हणजे तिथल्या नगरपालिकेच्या) घरात तीन वर्षं भाड्याने राहिलेल्याला ३३ टक्के सूट, जितकी वर्षं जास्त तितकी सूट जास्त, ५० टक्क्यांपर्यंत, आणि लाखो लोकांनी घरं विकत घेतली. कौन्सिलच्या वस्तीत दारं सगळी एकसारखी, रंग कौन्सिल ठरवणार. त्यामुळे घर नावावर झालं की लोक पहिलं काम करायचे ते पुढचं दार बदलायचे. सगळ्या रांगेत एकच दार वेगळं दिसलं की समजायचं, हे घर मालकाचं झालं. बंगल्याला नाव देतात ना आपल्याकडे, साधारण तोच प्रकार.

ते नवं दार पुढे पुढे यूपीव्हीसीचं असायचं. रंग द्यायला नको, कुजत नाही, स्वस्त. त्याच्याबरोबर मल्टिपॉइंट लॉक आलं, हँडल वर उचललं की वर, मधे, खाली असे हुकासारखे आकडे चौकटीत अडकतात, मग किल्ली फिरवायची. म्हणजे वाड्याच्या दाराला आतून जो अडसर असायचा त्याची तीन तुकड्यातली आवृत्ती. पण हँडल न उचलता नुसतं ओढून घेतलं तर दार फक्त एका जिभेवर उभं राहतं, आई दोन महिने रोज तसंच "लावत" होती आणि आम्हाला पत्ताच नाही.

या दारांचं दुखणं दोन ठिकाणी निघालं. एक म्हणजे प्लॅस्टिक उन्हात वाढतं, दार चौकटीत घासतं, बिजागऱ्यांवर लोंबायला लागतं. दुसरं जास्त वाईट. त्यातलं युरो सिलिंडर, म्हणजे किल्ली घालतो तो लॉकचा भाग, मधोमध जिथे स्क्रू बसतो तिथेच नाजूक, कारण तिथेच धातू सगळ्यात कमी. चोराने बाहेर आलेला भाग पकडून पिळला की कटकन तुटतो आणि दार उघडतं, काही सेकंदांचं काम. ब्रोशरवरच्या टीएस ००७ या सिलिंडरच्या स्टँडर्डच्या तीन चांदण्या आल्या त्या यामुळेच. त्या सिलिंडरला मुद्दाम एक कच्ची जागा ठेवलेली असते, तुटलं तर बाहेरचा तुकडा तुटावा आणि लॉक शाबूत राहावं. पास २४ मात्र अख्खं दार चोरापुढे टिकतं का याची परीक्षा, फळी, चौकट, लॉक सगळं मिळून. इंग्लंडात नव्या बांधकामाला अशा तोडीचं दार १ ऑक्टोबर २०१५ पासून सक्तीचं आहे, जुन्या घरात दार बदलताना नाही, म्हणून ते आपणच मागावं लागतं.

या सगळ्यावर उत्तर म्हणून काँपोझिट. काँपोझिट म्हणजे काय, तर मिसळण. बाहेरून-आतून जीआरपीची, म्हणजे फायबरग्लासची पातळ कातडी (होड्या करतात तेच मटेरियल), मधे पॉलियुरेथेनचा फोम, कडेने लाकूड किंवा तत्सम पट्ट्यांचा सांगाडा, सगळं मिळून साधारण ४४ मिलिमीटर. काहींचा गाभा भरीव लाकडाचा असतो, ४८ मिलिमीटर, हाताला जड, बंद करताना आवाज दणकट येतो आणि सेल्समन तो दोनदा करून दाखवतो. अमेरिकेत फायबरग्लासची दारं ऐंशीच्या दशकात आली, ब्रिटनमध्ये नंतर.

आणि इथे मला गंमत वाटते. कौन्सिलच्या दारापासून सुटायला म्हणून लोकांनी दारं बदलली, आणि काँपोझिट दार ब्रिटनमध्ये रुळलं ते मोठ्या प्रमाणात कौन्सिल आणि हाउसिंग असोसिएशनच्याच (ना-नफा तत्त्वावर घरं भाड्याने देणाऱ्या संस्था) घरांमधून. सन २००० मध्ये सरकारने डीसेंट होम्स कार्यक्रम काढला, २०१० पर्यंत सगळी सरकारी घरं धड करायची, मग दारांच्या मोठमोठ्या ऑर्डरी निघाल्या आणि त्यात काँपोझिट दारं भरपूर गेली. आज तेच दार ब्रोशरमध्ये "प्रीमियम" म्हणून येतं.

मग १४ जून २०१७, लंडनच्या ग्रेनफेल टॉवर या उंच इमारतीला आग लागली, ७२ माणसं गेली. चर्चा भिंतींवर बाहेरून लावलेल्या आवरणाची, क्लॅडिंगची झाली ती बरोबरच, पण तपासात पोलिसांनी तिथल्या फ्लॅटचं एक पुढचं दार टेस्टला लावलं. ३० मिनिटं आग अडवायला हवी होती, ते साधारण १५ मिनिटांत गेलं. मार्च २०१८ मध्ये सरकारने हे जाहीर केलं, मग आणखी कंपन्यांची जीआरपी काँपोझिट फायर डोअर्स टेस्टमध्ये नापास झाली आणि बाजारातून मागे घेतली गेली. काही दारं एकाच बाजूने टेस्ट केलेली होती, जणू काही आग कुठल्या बाजूने येणार ते आधीच ठरलंय. २३ जानेवारी २०२३ पासून इंग्लंडात ११ मीटरपेक्षा उंच इमारतीत फ्लॅटची पुढची दारं वर्षातून एकदा तपासायचा नियम आहे. आमच्या सेमीला एफडी३०, म्हणजे ३० मिनिटं आग अडवणारं दार, लागत नाही, पण तुमचा फ्लॅट असेल आणि पुढचं दार आतल्या कॉमन पॅसेजमध्ये उघडत असेल तर रंग नंतर बघा, दोन्ही बाजूंनी टेस्ट झाल्याचा कागद आधी मागा, आणि दार आपोआप बंद करणारा तो वरचा क्लोजर काढून टाकू नका. बरेच जण काढतात, सामान आणताना त्रास होतो म्हणून.

यू-व्हॅल्यू थोडक्यात: दारातून उष्णता किती निसटते त्याचा आकडा, जितका कमी तितकं चांगलं. इंग्लंडात बदललेल्या दाराला आधी १.८ चालायचं, १५ जून २०२२ पासून १.४ ची मर्यादा आली. फोमचा गाभा इथे पुढे, भरीव लाकूड मागे. पण फोमचंही एक आहेच, गडद रंगाचं दार दक्षिणेकडे असेल तर बाहेरची कातडी तापते, आतली गारच राहते, आणि दार धनुष्यासारखं वाकतं, मग संध्याकाळपर्यंत लॉकचे आकडे चौकटीत बसत नाहीत. १९ जुलै २०२२ ला लिंकनशरमध्ये ४०.३ अंश झालं तेव्हा काय झालं असेल कल्पना करा.

रंगावरून भांडणंही जुनी आहेत. बाथ शहरातल्या रॉयल क्रेसेंट या जुन्या घरांच्या रांगेत १९७०च्या दशकात एका बाईंनी दार पिवळं रंगवलं, बाकीची रांग पांढरी, कौन्सिलने नोटीस काढली, प्रकरण अपिलात गेलं आणि बाई जिंकल्या. लिस्टेड, म्हणजे वारसा म्हणून संरक्षित घरात काँपोझिट दाराचा विचारच सोडा.

आमच्याकडे दोन प्रश्न राहिलेत. नवा उंबरठा घ्यायचा तर बुटका मिळतो, १५ मिलिमीटर, व्हीलचेअर जावी म्हणून, आईच्या गुडघ्यांना बरा, पण ती विचारते की या पट्टीवर माप ठेवायचं कुठे आणि नव्या सुनेने ओलांडायचं काय. आणि तोरण. चौकटीला खिळा ठोकला तर वॉरंटी गेली असं सेल्समनने स्पष्ट सांगितलं, म्हणून चिकटवायचे हुक आणलेत, जुन्या दारावर लावून बघितले तर पहिल्याच पावसात एक बाजू सुटली आणि तोरण पोस्टमनच्या डोक्यावर. रंग अजून ठरलेला नाही.